तैनाती फौज आणि मतपेटी

१९६१ मध्ये स्थापन झालेली ‘यूएसएड’ ही अमेरिकेची परदेश-साहाय्य संस्था १ जुलै २०२५ रोजी बंद झाली आणि तिचे उरलेसुरले काम त्या देशाच्या परराष्ट्र खात्याने आपल्याकडे घेतले. या घटनेवर आपल्याकडे दोन सूर उमटले. पहिला समाधानाचा : लोकशाहीच्या नावाखाली चाललेली परकीयांची लुडबूड संपली, बरे झाले. दुसरा विलापाचा : जगातल्या दुबळ्या लोकशाह्यांना आता वाली उरला नाही. हे दोन्ही सूर एकाच चुकीच्या गृहीतावर उभे आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. परकीय मदत ही एकजिनसी वस्तू आहे, असे दोघेही धरून चालतात. ती सगळीच विषारी, असे एकाला वाटते. ती सगळीच अमृत, असे दुसऱ्याला वाटते.

वस्तुतः परकीय मदतीच्या दोन जाती आहेत, आणि त्यांचा परस्परांशी उभा दावा आहे. एका जातीची मदत राज्यकर्त्याला प्रजेच्या संमतीवाचून राज्य करण्याची सोय करून देते. दुसऱ्या जातीची मदत प्रजेला राज्यकर्त्याकडे हिशेब मागण्याचे बळ देते. धान्य, औषधे, लसी यांची मदत हा निराळा विषय आहे. तिच्या अभावी माणसे मरतात आणि तिचे समर्थन करण्यास कोणत्याही सिद्धान्ताची गरज नाही. परंतु लोकशाहीपुरते बोलायचे, तर पहिली मदत लोकशाहीची वैरीण आहे आणि दुसरी तिची सखी. २०२५ मध्ये कुऱ्हाड कोसळली ती सखीवर. वैरिणीच्या केसालाही धक्का लागला नाही.

पहिली जात ओळखण्यासाठी आपणा मंडळींना फार दूर जावे लागत नाही. आपली घराणी ज्या संस्थानी नगरांत पिढ्यान्‌पिढ्या नांदली, त्यांच्या इतिहासात तिचे नाव ठळक अक्षरांत लिहिलेले आहे. तैनाती फौज हे ते नाव. निजामाने ती १७९८ मध्ये पत्करली. दुसऱ्या बाजीरावाने १८०२ च्या अखेरीस वसईच्या तहाने पत्करली. बडोद्याने त्याच सुमारास पत्करली. होळकरांच्या गळ्यात ती १८१८ च्या मंदसोरच्या तहाने पडली. परकीय पलटण राजाच्या गादीचे रक्षण करणार आणि राजा तिचा खर्च सोसणार, असा हा व्यवहार. हैदराबादेस अशाच फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपायी १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावे लागले. पण मुलूख गेला ही या व्यवहारातली लहान हानी होती. मोठी हानी निराळी होती, आणि ती इंग्रजांपैकीच एका जाणत्याने वेळीच ओळखली होती. मद्रास इलाख्यात हयात घालविलेल्या थॉमस मन्रोने १८१७ मध्ये गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज यास जे पत्र लिहिले, त्याचा आशय असा की, या देशात कारभार बिघडला तर राजवाड्यातला फेरबदल किंवा रयतेचे बंड हा त्यावरचा उतारा असे. इंग्रजी फौज दाराशी उभी राहिली की तो उताराच नाहीसा होतो. राजाला प्रजेच्या रोषाचे भय उरत नाही, म्हणून तो आळशी होतो, लोभी होतो आणि निर्दय होतो.

आपल्यापैकी अनेकांच्या पूर्वजांनी याच दरबारांच्या कचेऱ्यांतून कारकुनी केली, फडणिशी केली. रेसिडेन्सीची मर्जी सांभाळली की रयतेची सांभाळावी लागत नाही, ही गोष्ट त्यांनी जवळून पाहिली असली पाहिजे. काही संस्थानांत पुढे उत्तम राजे झाले, हे खरे. पण ते त्या राजांचे व्यक्तिगत पुण्य. व्यवस्थेने त्यांना तसे होण्यास भाग पाडले नव्हते.

आता मन्रोचे हे पत्र इजिप्तवर लावून पाहावे. इस्रायलशी १९७९ मध्ये झालेल्या तहानंतर अमेरिकेने इजिप्तच्या लष्कराला मदत सुरू केली आणि १९८७ पासून ती दरसाल सुमारे १ अब्ज ३० कोटी डॉलर इतकी ठरून गेली. मुबारक यांची राजवट या आधाराने तीन दशके टिकली. २०११ मध्ये काहिरोच्या तहरीर चौकात प्रजेने मन्रोने सांगितलेला उतारा वापरला आणि मुबारक गेले. त्यानंतर काय झाले, हे मुद्दाम ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, लष्कराच्या अमलाखाली, काहिरोतील परदेशी व देशी संस्थांच्या कचेऱ्यांवर छापे पडले. निवडणुकीच्या निरीक्षकांना शिकविणे, पक्षांच्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देणे हे त्यांतल्या बऱ्याच संस्थांचे काम. जून २०१३ मध्ये न्यायालयाने अशा ४३ जणांना दोषी ठरविले. पुढच्याच महिन्यात, ३ जुलै रोजी, लष्कराने निवडून आलेल्या मोर्सींना पदच्युत केले. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे लष्करी उठाव झालेल्या देशाची मदत थांबवावी लागते. तेव्हा वॉशिंग्टनने या घटनेला उठाव म्हणण्याचेच टाळले. मदतीचा काही भाग थोडा काळ रोखला गेला आणि २०१५ मध्ये मोकळा झाला. लोकशाहीसाठी दिलेले चार पैसे गुन्हा ठरले, आणि लोकशाही मोडणाऱ्यांना दिलेले अब्जावधी डॉलर मैत्री ठरले.

जानेवारी २०२५ मध्ये नव्या अमेरिकी सरकारने साऱ्या परदेशी मदतीला स्थगिती दिली, तेव्हा तातडीच्या अन्नसाहाय्याशिवाय नाव घेऊन वगळलेल्या बाबी दोन होत्या : इस्रायलची लष्करी मदत आणि इजिप्तची लष्करी मदत. ‘परकीय लुडबूड संपली’ म्हणून पेढे वाटणाऱ्यांना आमचा एवढाच प्रश्न आहे, की नेमके काय संपले? तैनाती फौज तर आहे तिथेच आहे.

दुसऱ्या जातीच्या मदतीने काही साधते काय, असा प्रश्न यावर येईल. साधते, पण कोणत्या अटींवर, हे सांगणे अगत्याचे आहे. त्यासाठी आम्ही पोर्तुगालचे उदाहरण घेतो. एक तर गोव्यातील वाचकांना हा देश परका नाही. आणि दुसरे म्हणजे, मदतीच्या दोन्ही जाती या एकाच देशाने एकामागून एक अनुभविल्या.

पोर्तुगालमध्ये २८ मे १९२६ च्या लष्करी उठावाने लोकसत्ता बुडाली. १९३२ मध्ये सालाझार पंतप्रधान झाले ते १९६८ पर्यंत. गुप्त पोलीस, वृत्तपत्रांवर नियंत्रण, वसाहतींत दडपशाही असा हा कारभार. ‘मुक्त जगा’चे रक्षण करण्यासाठी १९४९ मध्ये नाटो संघटना स्थापन झाली, तेव्हा याच हुकूमशाहीला तिचे संस्थापक सदस्यत्व सन्मानाने देण्यात आले. अझोर्स बेटांवरचा तळ अमेरिकेला हवा होता. त्याच्या मोबदल्यात शस्त्रे आणि प्रतिष्ठा मिळत गेली. या मैत्रीची झळ गोव्याला लागली. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त होत असताना सुरक्षा परिषदेत भारताविरुद्ध ठराव आणणाऱ्यांत अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स होते, आणि तो अडला सोव्हिएत नकाराधिकाराने. मोहन रानडे १९५५ मध्ये पकडले गेले आणि गोवा मुक्त होऊन सात वर्षे लोटल्यावर, जानेवारी १९६९ मध्ये, पोर्तुगालच्या तुरुंगातून सुटले. ज्यांनी त्यांना डांबले, ते पाश्चात्त्य लोकशाह्यांच्या पंक्तीला मांडीला मांडी लावून बसत होते. ही पहिल्या जातीची मदत.

दुसरी मदत अगदी चिमुकल्या रूपाने आली. १९ एप्रिल १९७३ रोजी पश्चिम जर्मनीतील बाड म्यून्स्टरआयफेल या गावी मूठभर पोर्तुगीज विजनवासी जमले आणि त्यांनी आपल्या देशाच्या समाजवादी पक्षाची स्थापना केली. जर्मन सोशल डेमोक्रॅटांच्या फ्रीडरिश एबर्ट प्रतिष्ठानाने त्यांना छप्पर दिले. त्यांचे नेते मारियू सोआरेश पॅरिसला परागंदा होऊन राहिले होते. त्या दिवशी कोणी त्यांना हसले असते तर नवल नव्हते. पण वर्षभरातच, २५ एप्रिल १९७४ रोजी, आफ्रिकेतील वसाहतयुद्धांना विटलेल्या पोर्तुगीज सैनिकी अधिकाऱ्यांनी राजवट उलथून पाडली, आणि लिस्बनच्या लोकांनी सैनिकांच्या बंदुकीच्या नळ्यांत लाल कार्नेशनची फुले खोवली. हा उठाव कोणा परकीयाने घडविला नव्हता. विजनवासी परतले, तेव्हा मात्र त्यांच्याजवळ नाव होते, घटना होती आणि शेजारी देशांतले मित्र होते.

पुढची दोन वर्षे मोठ्या धामधुमीची गेली. कम्युनिस्ट पक्ष शिस्तबद्ध होता आणि त्याला मॉस्कोचे पाठबळ होते. पोर्तुगाल हातचा गेला, असा अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर यांचा समज झाला होता. सोआरेश यांची गत रशियातल्या केरेन्स्कीसारखी होणार, असे त्यांनी सोआरेश यांना तोंडावर सुनावल्याचे प्रसिद्ध आहे. जर्मन प्रतिष्ठाने मात्र हिरमुसली नाहीत. कार्यकर्त्यांचे शिक्षण, पक्षसंघटना, प्रचार अशा रुक्ष कामांना त्यांनी हात दिला. आणि हा हात एकाच पक्षाला मिळाला नाही, कारण जर्मनीतील निरनिराळ्या पक्षांची प्रतिष्ठाने आपापल्या विचारांच्या पोर्तुगीज पक्षांना मदत करीत होती. २५ एप्रिल १९७५ रोजी घटनासमितीची निवडणूक झाली. ९० टक्क्यांहून अधिक मतदारांनी मतदान केले. समाजवाद्यांना सुमारे ३८ टक्के मते मिळाली, कम्युनिस्टांना सुमारे साडेबारा. त्या वर्षीच्या जुलैत युरोपीय समुदायाने बजावले, की मदत मिळेल ती बहुपक्षीय लोकशाहीलाच. आणि ऑक्टोबरात तातडीचे अर्थसाहाय्य देऊ केले. एप्रिल १९७६ मध्ये नवी राज्यघटना अमलात आली, सोआरेश निवडून येऊन पंतप्रधान झाले, आणि १ जानेवारी १९८६ रोजी पोर्तुगाल युरोपीय समुदायाचा सदस्य झाला.

या बदलाचे एक फळ आपल्याही पदरात पडले. जी गोष्ट सालाझार यांनी शेवटपर्यंत नाकारली, ती नव्या राजवटीने आठ महिन्यांत केली. ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्लीत भारताच्या वतीने परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण आणि पोर्तुगालच्या वतीने परराष्ट्रमंत्री मारियू सोआरेश यांनी करारावर सह्या केल्या, आणि गोवा, दमण, दीव, दादरा व नगरहवेली यांवरील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले.

येथे मदत फळली, याची कारणे तीन. पहिले, क्रांती पोर्तुगीजांची होती. मदत मागून आली आणि मागेच राहिली. दुसरे, मदत अनेकांना मिळत होती आणि अंतिम निवाडा मतपेटी करीत होती. तिसरे, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे, पोर्तुगालच्या सरकारचा खर्च मुख्यतः पोर्तुगीज करदात्यांच्या खिशातून होत होता, त्यामुळे त्या सरकारला जाब विचारणारा मालक देशातच होता.

हे तिसरे कारण नसले म्हणजे काय होते, ते अफगाणिस्तानने दाखविले. तेथील पुनर्रचनेसाठी एकट्या अमेरिकेने वीस वर्षांत सुमारे १४५ अब्ज डॉलर मंजूर केले, आणि त्यांतला अर्ध्याहून मोठा वाटा सैन्य व पोलीस यांवर गेला. अखेरच्या काळात तेथील सार्वजनिक खर्चाचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग परदेशी अनुदानातून भागत असे, असा जागतिक बँकेचा अंदाज होता. अशा सरकारचा खरा मतदार काबूल-कंदाहारात राहत नाही. तो वॉशिंग्टन, लंडन आणि बर्लिन येथे राहतो. मंत्री हिशेब कोणाला देणार? जो पैसा देतो त्याला. प्रजेने ही गोष्ट लवकरच ओळखली. २००४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत ८० लाखांहून अधिक अफगाणांनी मते दिली. २००९ मध्ये दहा लाखांहून अधिक मते गैरप्रकारांमुळे बाद ठरली. २०१४ चा निकाल मतमोजणीने लागेना, तेव्हा अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांनी काबूलला येऊन दोन प्रतिस्पर्ध्यांत सत्तेची वाटणी करून दिली; मतदाराने त्यातून काय बोध घ्यायचा तो घेतला. २०१९ मध्ये सुमारे ९६ लाख नोंदलेल्या मतदारांपैकी मोजली गेलेली मते अवघी १८ लाखांच्या घरात होती. १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल पडले, त्याच्या बऱ्याच आधी मतपेटी रिकामी झाली होती. त्या वीस वर्षांत मुलींच्या शाळा निघाल्या, स्वतंत्र वृत्तवाहिन्या निघाल्या. ही दुसऱ्या जातीची मदत होती आणि तिचे मोल कमी लेखणे हा कृतघ्नपणा होईल. पण गादीच परक्या टेकूवर उभी होती. टेकू निघताच ही रोपटीही तिच्याखाली चिरडली.

यावर घेतला जाणारा मोठा आक्षेप देणाऱ्याच्या दानतीविषयीचा आहे. १९५३ मध्ये इराणचे आणि १९५४ मध्ये ग्वाटेमालाचे लोकनियुक्त सरकार उलथविण्यात ज्यांचा हात होता, त्यांनी लोकशाहीचे धडे द्यावेत काय? आक्षेप सार्थ आहे. चिलीत तर अमेरिकेने आयेंदे यांच्याविरुद्ध गुप्तपणे पैसा ओतला, हे तिच्याच सिनेटच्या समितीने १९७५ मध्ये उघड केले. पण त्याच चिलीत ५ ऑक्टोबर १९८८ रोजी पिनोशे यांच्या सत्तेवर सार्वमत झाले, तेव्हा मतदार-नोंदणीसाठी आणि विरोधकांच्या प्रचारासाठी अमेरिकेतून मदत आली होती, आणि सुमारे ५६ टक्के लोकांनी ‘नाही’ म्हटले. देणारा देश तोच. पहिल्या वेळी पैसा लपून आला आणि मतदाराचा निर्णय फिरविण्यासाठी आला. दुसऱ्या वेळी तो मतदाराला बोलते करण्यासाठी आला. देणाऱ्याचे हृदय तपासत बसण्यापेक्षा दानाची वाट तपासावी, हे बरे.

‘परकीय हात’ ही आरोळी आपल्या ओळखीची आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेतून असा दावा झाला, की भारतातील मतदान वाढविण्यासाठी २ कोटी १० लाख डॉलर ठेवले होते. लगेच आपल्याकडे पक्षापक्षांत चिखलफेक सुरू झाली. ती रक्कम बांगलादेशासाठी होती, असे एका इंग्रजी दैनिकाने काही दिवसांतच कागदपत्रांच्या आधारे दाखविले. तोवर चिखल पुरेसा उडाला होता. परकीय देणग्यांचे नियमन करणारा आपला पहिला कायदा १९७६ चा, म्हणजे ऐन आणीबाणीतला, हे आम्ही नमूद करतो. देणगीचा हिशेब उघड असावा, याविषयी आमचे दुमत नाही. पण हा कायदा दोन्ही मोठ्या राष्ट्रीय पक्षांनी मोडला, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये म्हटले, तेव्हा काय झाले? २०१६ आणि २०१८ च्या वित्त अधिनियमांनी व्याख्या बदलली, आणि तीही १९७६ पासून पूर्वलक्षी प्रभावाने. एखाद्या खेड्यातल्या सेवाभावी संस्थेने चुकीच्या खात्यात देणगी घेतली तर नोंदणी जाते. पक्षाने घेतली तर व्याख्या जाते. परकीय हाताचे भय खरे असते, तर ते प्रथम सत्तेच्या खिशाशी वाटायला हवे होते.

भारत आता स्वतः दाता आहे, म्हणून हा वाद आपल्या दाराशी आला आहे. स्वतःच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची शाई वाळते न वाळते तोच, १९५३ मध्ये, आपले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन सुदानला गेले आणि तेथील पहिल्या संसदीय निवडणुकीच्या आयोगाचे अध्यक्ष झाले. म्हैसूरच्या कारखान्यातली बोटाला लावायची शाई आज अनेक देशांच्या मतदारांच्या बोटांवर लागते. संयुक्त राष्ट्रांचा लोकशाही निधी २००५ मध्ये निघाला, त्याच्या आरंभीच्या प्रमुख देणगीदारांत भारत होता. ही मदत स्वस्त, अबोल आणि खरी. तिने लोकशाही अमर होते असे नाही. सुदानात पाचच वर्षांनी, नोव्हेंबर १९५८ मध्ये, लष्कराने सत्ता घेतली. पण ज्या पिढीने एकदा मत दिले, तिला हुकूमशहा हा नैसर्गिक शासक वाटत नाही. १९६४ मध्ये खार्टूममध्ये लोक रस्त्यावर उतरले आणि ती लष्करी राजवट गेली.

याउलट, काबूलमध्ये आपण एक देखणे संसदभवन बांधून दिले. सुमारे नऊ कोटी डॉलर खर्चून उभारलेल्या त्या वास्तूचे उद्‌घाटन २५ डिसेंबर २०१५ रोजी आपल्या पंतप्रधानांनी केले. हेतू थोर होता, यात शंका नाही. पण सहा वर्षांच्या आतच त्या भवनात बसणारी संसद नाहीशी झाली. भवन बांधून देता येते. संसद ज्याची त्याने बांधायची असते.

म्हणून आम्ही वाचकांना असे सुचवितो, की यापुढे कोणत्याही देशाने कोणत्याही देशाला ‘लोकशाहीसाठी’ मदत केल्याचे वृत्त वाचले, म्हणजे तीन प्रश्न विचारावेत. हा पैसा गादीवर बसलेल्याच्या हाती जातो, की त्याला प्रश्न विचारणाऱ्यांच्या? त्याचा जमाखर्च त्या देशातला विरोधी पक्ष आणि वृत्तपत्रे पाहू शकतात काय? आणि ही मदत मिळाल्यावरही तेथील सरकारला आपल्या प्रजेपुढे कर आणि मत मागण्यासाठी हात पसरावा लागतो काय? अमेरिका देत असो, चीन देत असो वा आपले स्वतःचे सरकार देत असो, प्रश्न हेच. शेजारच्या देशात ‘आपला माणूस’ गादीवर टिकावा म्हणून दिल्लीतून रसद जाते, तेव्हा आपण रेसिडेंटाच्या खुर्चीत बसलेलो असतो, हे आपल्यासारख्यांनी तरी विसरू नये. ज्यांच्या आजे-पणज्यांनी तैनाती फौजेच्या सावलीत दिवस काढले, त्यांनी ती सावली दुसऱ्याच्या अंगणात पडू देऊ नये, आणि आपल्या खासदाराला तसे लेखी कळवावे.